सासूबाईंना वॉर्निंग

लाईन अंपायरचं काम म्हणजे दिवसभर तोंड मिटून बसायचं आणि बॉल बाहेर पडला की 'आऊट!' म्हणून ओरडायचं. बाकी एक शब्द बोलायची बंदी. त्यामुळे संध्याकाळी चहाला बसलो की आम्हा मंडळींची तोंडं अशी सुटायची, की विचारू नका! मुळशीच्या एका क्लबवर बायकांची प्रोफेशनल टूर्नामेंट व्हायची, तिथे मी बँकेतून रजा टाकून जायचे. बँकेत माझं कोणी ऐकत नाही. इथे मी 'आऊट' म्हटलं की चार-चार बायका गप! एवढ्या सुखासाठी कोण रजा टाकणार नाही?

आणि चार-चार म्हणजे डबल्स. सिंगल्समध्ये नुसतं टेनिस असतं हो, किस्से सगळे डबल्सचे!

*

आमच्यात एक दिलीप होता. बावधनला त्याचं चष्म्याचं दुकान, आणि स्वतःच्या डोळ्यांचा भयंकर अभिमान. एकदा त्याने आऊट दिल्यावर एक परदेशी खेळाडू तावातावाने त्याच्याकडे आली आणि इंग्रजीत म्हणाली, "डोळे तपासून घे!"

मॅच संपल्यावर त्याने तिला गाठलं, खिशातून दुकानाचं कार्ड काढून दिलं आणि म्हणाला, "तपासणी फ्री आहे."

दुसऱ्या दिवशी बाई दुकानात हजर! जाताना दोन गॉगल घेऊन गेली. तेव्हापासून कोणी वाद घातला की दिलीपचा हात आपोआप खिशात जायचा.

*

आमची लाडकी जोडी पौडची होती, पल्लवी आणि मेधा. नातं? नणंद-भावजय! हिंजवडीकडची जमीन आयटी पार्कला जाऊन पैसा आला तेव्हा भावकीने जीपगाड्या घेतल्या, पल्लवीच्या वडिलांनी लेकीसाठी सिमेंटचं टेनिस कोर्ट घातलं. पल्लवीने पार्टनर म्हणून मेधाला आणलं. भाऊ रोज बॉल गोळा करायला यायला लागला. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

लग्नाआधी मधे बॉल आला की दोघी "माझा! माझा!" करत एकमेकींवर आदळायच्या. लग्नानंतर?

"वहिनी, घ्या."

"नको वन्सं, तुम्ही घ्या."

आणि बॉल दोघींच्या मधून निघून जायचा!

बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर हिराबाई बसलेल्या असायच्या, म्हणजे एकीची आई आणि दुसरीची सासू. त्या एकदा वैतागून म्हणाल्या, "भांडी घासायची येळ आली की घरी बी ह्यांचं ह्येच चालतंय!"

*

हिराबाईंचं कौतुकही नात्याप्रमाणे. लेकीने पॉइंट मारला की, "वा गं माझी वाघीण!"

सुनेने मारला की, "बरा व्हता."

*

त्या वर्षी मात्र प्रकरण गंभीर होतं. मेधाच्या नावावर रँकिंगचा एकही पॉइंट नव्हता. तो मिळवायला एक तरी मॅच जिंकायला हवी, आणि ती काही जमत नव्हती. हिराबाईंनी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, "लई झालं आता. औंदा न्हाई जमलं तर रॅकेट माळ्यावर!"

मेधाचा पडलेला चेहरा बघून मला फार वाईट वाटलं.

पहिलीच मॅच थायलंडच्या जोडीशी पडली. दुसऱ्या सेटमध्ये हिराबाईंना राहवेना. "मेधे, नेटपाशी जा की! खांबावानी काय उभी राहिलीस?"

उंच खुर्चीवरून मुख्य अंपायरबाईंचा आवाज आला, "कोचिंग! वॉर्निंग!"

मॅच चालू असताना बाहेरून शिकवायचं नाही, असा नियम. अंपायरबाईंनी खूण केली म्हणून मी उठून तो हिराबाईंना मराठीत समजावला. त्या भडकल्याच.

"कोचिंग कुटलं? ही आमची रोजची बोलणी हायेत! सासूनं सुनंला काय बोलायचं न्हाई, ह्यो कुटला नियम?"

"पुन्हा बोललात तर पोरींचा पॉइंट जाईल."

हे ऐकल्यावर हिराबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि हातांनी खुणा सुरू केल्या!

खुणा पण चालत नाहीत म्हटल्यावर त्या दोन्ही हातांवर बसल्या.

*

एकेक सेट झाला. शेवटचा दहा पॉइंटांचा टायब्रेक लागला, आणि त्यातही आमच्या पोरी आठ, त्या नऊ. मधोमध बॉल आला. "वहिनी—" पल्लवी म्हणतेय तोवर मेधाने पुढे घुसून तो सणसणीत मारला. थेट बाजूच्या लाईनकडे!

त्या लाईनवर दिलीप.

"आऊट!"

संपलं. अंपायरबाईंनी निकाल सांगितला. मी पार पलीकडच्या लाईनवर होते, मला काही दिसलं नाही. मेधा खाली मान घालून रॅकेट पिशवीत कोंबत होती, पण डोळ्यांतल्या पाण्यामुळे तिला चेन सापडेना.

हिराबाई उठल्या. अंपायरबाईंच्या उंच खुर्चीखाली जाऊन त्यांनी तोंडातला पदर काढला.

"आता बोलू का?"

अंपायरबाईंनी मान डोलावली.

हिराबाई लेकीजवळ थांबल्या नाहीत, सुनेकडे बघितलंही नाही. तरातरा दिलीपसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"माज्या सुनंचा बॉल आत व्हता. फुडच्या येळंला तिच्या मॅचला ह्या मानसाला बसवायचा न्हाई!"

मेधाचा हात चेनवरच थांबला.

आणि दिलीपने, सवयीने, खिशातून कार्ड काढून पुढे केलं.

हिराबाईंनी ते घेतलं, हात लांब करून नीट वाचलं आणि त्याच्याच खिशात परत ठेवलं.

"ऱ्हाऊ द्या. तुमालाच लागंल."