नोराबाईंची बरणी

अनयाला अंघोळ घालायची म्हटलं की सुलेखा टाळाटाळ करायची. वर्षाचंही नाही पोर, आणि गाल बघावेत तर सोललेले! कोपरं, मान, सगळीकडे इसब. २००४ सालची अमेरिकेतल्या ॲन आर्बरची थंडी, घरात अखंड हीटर, हवा कोरडी ठणठणीत. डॉक्टरांचं क्रीम लावलं की तेवढ्यापुरतं बरं, थांबवलं की पुन्हा जैसे थे. नवरा श्रीरंग लॅबमधून येऊन म्हणायचा, "अगं, पेशन्स ठेव." पेशन्स ठेव म्हणे! रक्ताचे डाग पडलेली दुपटी धुवायला हा होता का?

खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या नोराबाई मूळच्या आयर्लंडच्या. जिन्यात अनयाला बघून त्यांनीच विषय काढला. कसलासा पाला लोण्यात कढवून त्यांची आई इसबावर मलम करायची, तो हातगुण आता त्यांच्याकडे आला होता. त्यांनी मलमाची बरणी दिली आणि बजावलं, "पैसे द्यायचे नाहीत, बदल्यात काही द्यायचं नाही आणि थँक यू तर अजिबात म्हणायचं नाही. नाहीतर गुण जातो."

आणि काय सांगावं, बरणी संपेपर्यंत गाल मऊ झाले! क्रीमनं म्हणा, मलमानं म्हणा, पण पोर शांत झोपली आणि आईही झोपली.

आता बरणी परत करायची. कुणाचं भांडं रिकामं परत देतं का कुणी? बदल्यात काही नाही, हे आठवत होतं तिला. पण भांड्यात दोन लाडू घालणं म्हणजे काय मोबदला? ती तर रीत! तिनं बेसन भाजलं, लाडू वळले आणि बरणी गळ्यापर्यंत भरून खाली नेऊन दिली.

नोराबाईंचा चेहराच उतरला. "पोरी, हे काय करून बसलीस? आता माझ्या हातचं हिला लागू पडायचं नाही."

आठवड्याभरात इसब असं उलटलं की अनयाची नखं लाल. हीटर आहे, हवा आहे, सगळं कळत होतं हो सुलेखाला, पण मन ऐकतंय थोडंच? आपल्याच हातांनी लेकीचा घात केला, एवढंच डोक्यात. ती धावत खाली गेली. "मी चुकले. काहीतरी करा, तुमच्या पाया पडते!"

नोराबाईंनी बरणी आणून तिच्या हातात ठेवली. "मी एकालाही शिवले नाही. ने परत. पुढचं मला माहीत नाही."

अन्न टाकायचं कसं? सुलेखा जिन्यातच बसली आणि रडत रडत लाडू तोंडात कोंबत राहिली. मग वर जाऊन तिनं बरणी घासली, पुसली, किरकिरणाऱ्या अनयाला खांद्यावर घेतलं आणि पुन्हा खाली आली. रिकामं भांडं घेऊन कुणाच्या दारात ती जन्मात उभी राहिली नव्हती. लाजेनं कान तापले.

नोराबाईंनी बरणीत वाकून बघितलं, आतून बोट फिरवलं. "करून बघते," एवढंच म्हणाल्या आणि बरणी आत घेऊन गेल्या.

थँक यू अगदी ओठांवर आलं होतं. सुलेखानं दात आवळले, पाठ फिरवली आणि एखाद्या उर्मट बाईसारखी, अवाक्षर न बोलता जिना चढू लागली. अनया तिच्या खांद्यावर गाल घासत होती.