आमचा फिटर संपतदादा आणि सायलीची फिट

आमचा संपतदादा कुरकुंभच्या एका कारखान्यात फिटर आहे. घर राहू गावात, शिफ्टला मोटरसायकलवर जा-ये. तोंडात दिवसभर एकच शब्द. नळाची तोटी बसली, की फिट. माझ्या नवऱ्याचा शर्ट पोटावर ताणलेला दिसला, की "दाजी, लईच फिट झालाय!" दवाखान्यातून घरी आलेल्या म्हाताऱ्याला, "आबा, फिट ना आता?" गावच्या निवडणुकीत दोन गट आतून मिळाले, की "त्यांचं आधीच फिट हाय." आजारपणाच्या रजेवरून कामावर जायचं, तरी डॉक्टरकडून फिट असल्याचा दाखला आणावा लागतो म्हणे.

मला असल्या गोष्टींची भारी खोड. एवढुसा इंग्रजी शब्द, आणि आमच्या गावात येऊन कुठं कुठं घुसलाय! एकदा विचारलंच, "दादा, ह्याचा खरा अर्थ कुठला रे?"

"मला काय ठावं सविते," तो म्हणाला. "तुला काय कामधंदा न्हाई का?"

पण गंमत बघा, त्यातल्या एका अर्थानं मात्र हा शब्द त्या घरात कुणीच उच्चारत नव्हतं. दादाच्या लेकीला, सायलीला, फिट येते. आठवीत असताना पहिल्यांदा आली. आता गोळ्या चालू आहेत, वर्ष वर्ष काही होत नाही. तरी ललितावहिनी दबक्या आवाजात विचारणार, "तसलं काही झालं न्हाई ना गं?" तसलं म्हणे!

केंदूरच्या विश्वजीतचं स्थळ आलं, तेव्हा खरी पंचाईत झाली. मुलगा शिरूरला नोकरीला, आई लहानपणीच गेलेली, आजीनं वाढवलेला. सायलीशी फोनवर बोलणं झालं होतं आणि तिला तो मनापासून आवडला होता. याआधी दोन स्थळं आजाराचं सांगितल्यावर मोडली होती. वहिनी हात जोडून म्हणाली, "ह्या बारीला गप ऱ्हावा. लग्नानंतर सांगू."

"पाईप जोडला की मी आधी पाणी सोडून बघतो," दादा म्हणाला. "भिंत बांधल्यावर न्हाई."

"पोरगी म्हंजी पाईप न्हवं!"

मग सायली मधे पडली. ती म्हणाली, "आई, लपवलं तर मी गोळी कुठं बसून खाऊ? संडासात?"

रविवारी पाहुणे आले, विश्वजीत आणि त्याची आजी दगडाबाई. आता दादा काय करतो, हे बघायला माझा जीव नुसता वरखाली. चहा झाला आणि दादानं एकदम सांगून टाकलं, "आमच्या सायलीला फिट येती."

वहिनी उठून आत गेली. विश्वजीत सायलीकडं बघत राहिला. दगडाबाई मात्र दादाकडं वळल्या. "म्हंजी हातपाय वाकडं होत्यात, त्ये?"

"व्हय."

"आमच्याकडं चप्पल हुंगवत्यात."

झालं! दादातला फिटर जागा झाला. "चप्पल न्हाई, कांदा न्हाई, हातात किल्ल्या न्हाईत. तोंडात तर काहीच घालायचं न्हाई. विश्वजीतराव, जरा आडवं व्हा बरं."

अगं बाई! मुलगी बघायला आलेला पोरगा, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि आमच्या दादानं त्याला सतरंजीवर झोपवला की! मला हसू आवरेना. दादानं टीपॉय बाजूला सरकवला, त्याच्या गळ्याचं बटण काढलं, डोक्याखाली टॉवेलची घडी सारली, त्याला कुशीवर वळवला आणि त्याचे हात धरून ठेवले. "आन् घड्याळ बघायचं. पाच मिनिटात थांबलं न्हाई, तर सरळ गाडी काढायची."

"पप्पा, हात दाबून धरू नका," सायली म्हणाली. "तसं धरायचं नसतं."

खालून विश्वजीतनं विचारलं, "आन् शुद्धीवर आल्यावर?"

"पाणी लगेच द्यायचं न्हाई. मला काही आठवत नसतं," सायली त्याच्याकडं न बघता म्हणाली. "आन् भवती घाबरलेली तोंडं नकोत. त्याचीच जास्त लाज वाटते."

मला वाटलं, आता पाहुणे उठतील, कळवतो म्हणतील आणि संपलं. पोरीकडं बघवेना मला. दगडाबाई उठल्याच. गुडघ्यावर हात देत त्या सतरंजीपाशी आल्या आणि खाली बसल्या.

"तू ऊठ रं," त्या नातवाला म्हणाल्या. मग सायलीला हाक मारली, "ये गं बाय, तू नीज हितं. ह्यो जाणार कामाला, दिवसभर तुझ्याजवळ मीच असणार. मला जमतंय का बघू दे."