जिलेबीवाल्या गुंडाचा उरलेला पिक्चर

दुपारी आम्ही दोघा नवरा-बायकोनं अर्धा पिक्चर पाहिला. एका गुंडाचा. धंदे सोडून तो बायकोसोबत जिलेबीचं दुकान टाकतो, अन् जुने टोळीवाले त्याला हुडकत येतात. मारामारीही अन् हसणंही. एक जण चाकू घेऊन धावला तो पाकाच्या परातीत बसला. ही इतकी हसली की पदर तोंडात कोंबला. मग म्हणते, "कढई थंडी आहे त्याची. अशात जिलेबी फुलते का? म्हणा त्याला, कमानिया गेटच्या हलवायाकडं जाऊन शिकून ये."

मध्यंतराची पाटी आली तसा तिनं माझ्या हातातला रिमोट घेतला अन् बंद.

हा तिचा कायदा. टॉकीजमध्ये जायचो तेव्हा मध्यंतरात आम्ही भांडायचो, पुढं काय होईल यावर. तेवढं भांडण तिला पुरायचं नाही. मुलानं पुण्याहून येऊन टीव्हीला इंटरनेट लावून दिलं, तेव्हापासून अर्धा आज, अर्धा उद्या. मधल्या वेळात भांडायचं. एकट्यानं पुढचं पाहायचं नाही. मी एकदा पाहिलं, तर ताट वाढलं पण बोलली नाही.

"आता हा मारन," मी म्हटलं.

"नाही मारणार. बायकोच्या गळ्याची शपथ घेतली त्यानं."

"दुकान उलटवलं तरी हात जोडून उभा राहीन?"

"राहीन. सुधारला म्हणजे सुधारला."

"मग लोक काय जिलेब्या पाहायला तिकीट काढतात?"

"काहून डोकं खाऊन राहिले? गवार मोडा."

मी गवार मोडली. पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, छातीत कसंतरी होतं. ऑटोत घातली. दवाखान्यात डॉक्टरनं नाडी पाहिली अन् मला बाहेर बसायला सांगितलं. तेव्हाच समजलं.

घरी आणली, बैठकीत बर्फावर ठेवली. विजय नगरचं घर लहान, दुसरी जागा नाही. टीव्ही तिथंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बसवेना. फाटकापर्यंत जायचो, परत यायचो. चप्पल घालायचो, काढायचो. शेजारचे म्हणाले, "दादाजी, बैठ जाइए." बसलो की पाय आपले उठायचे. डोक्यात तो मेला जिलेबीवाला. बायको गेली अन् मी विचार करून राहिलो, त्यानं मारलं का नाही. लाज वाटायला पाहिजे होती. वाटली नाही.

दुपारी मुलगा येणार होता. मग हिला ग्वारीघाटला, नदीवर अग्नी द्यायला न्यायचं. त्यानंतर उरलेला पिक्चर पाहिला तर एकट्यानं पाहिला असं होणार. नाही पाहिला तर आमचं भांडण अर्धवट राहणार, मी मरेपर्यंत. वेळ होता तो तेवढाच.

रिमोट घेतला.

मेव्हणी मझौलीहून आली होती, ती धावत आली. "भाऊजी, डोकं फिरलं का? घरात मढं अन् टीव्ही लावता?"

"मढं म्हणू नको. तुझी बहीण आहे. सरक, तिच्यासमोरून."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना बाहेर बसव."

आवाज कमी केला अन् हिच्या बाजूला खाली बसलो. टोळीवाल्यांनी कढई उलटवली. तो हात जोडून उभा. थोबाडीत खाल्ली, उभा. दात पडला, उभा. मला वाटलं, ही जिंकते. मग एकानं त्याच्या बायकोला ढकललं, अन् त्यानं झारा उचलला. हाणलं असं, की एक जण पळता पळता मैद्याच्या पिंपात डोक्यावर गेला, वर नुसते पाय. मला हसू फुटलं. आलं तर आलं. मेव्हणी भिंतीकडं तोंड करून रडत होती.

"मारलं त्यानं," मी हिला सांगितलं. "पण लय वेळ उभा राहिला."

शेवटची नावं येईपर्यंत बसून राहिलो. मग टीव्ही बंद केला अन् मेव्हणीला म्हटलं, "चलो, बोलव आता सगळ्यांना आत."