माधवीताईंचा सुतार

सकाळी नेदरलँड्समधल्या एनस्खेडे गावी, माझ्या खोलीत नाटकाचा ग्रुप उघडला. वर माधवीताईंचा निरोप होता : "रविवारी चारला वाचन. कारणं चालणार नाहीत." त्याखालीच त्यांच्या नवऱ्याचा, समीरदादांचा : "माधवी गेली." लॉकडाऊनमध्ये कुठे गेल्या, असंच आधी मनात आलं...

ऑफिसचं काम संपलं की ॲमस्टरडॅमजवळच्या हूफडॉर्पच्या घरी बसून ताई एकोणिसाव्या शतकातल्या एका जर्मन नाटककाराची शोकांतिका मराठीत आणत होत्या. मी गवंड्याचा मुलगा, घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला, हे कळल्यावर त्यांनी मला धरलंच. "अरे, तोही गवंड्याचाच! उपाशीतापाशी शिकला आणि राजेरजवाडे सोडून सुताराच्या घरातलं दुःख रंगमंचावर आणलं. सुतार तूच वाचायचास."

व्हिडिओ कॉलवर बाकी सगळे पुण्या-मुंबईचे. माझं पहिलंच वाक्य ऐकून निखिल हसला, "हा जर्मन बार्शीचा आहे का?"

ताई ताडकन म्हणाल्या, "बार्शीचाच आहे. आणि तुझा शिपाई सदाशिव पेठेतला वाटतोय, त्याचं बघ आधी!"

एकदा त्यांनी फोनवर विचारलं, "तुझे वडील चिडल्यावर काय म्हणतात रे?"

"काही नाही म्हणत. ताट सरकवतात."

दुसऱ्या दिवशी सुताराचं अर्ध्या पानाचं भाषण कापलेलं होतं. तिथे फक्त ताट होतं.

त्या सांगायच्या, या नाटकात माणसाचं एकेक दार आपल्या डोळ्यांदेखत बंद होत जातं, म्हणून शेवट सोसवतो. त्यांच्या वेळी मला एकही दार वाजलेलं ऐकू आलं नाही. ताप आला म्हणाल्या, आणि मग तो निरोपच. इतके आठवडे झाले, अजून पटत नाही.

त्या रविवारी आम्ही नुसतेच स्क्रीनवर जमलो. ताईंशिवाय माझ्या तोंडून सुतार निघणार नाही, असं मला वाटत होतं. तेवढ्यात एका चौकटीत 'माधवी' हे नाव उमटलं. समीरदादा होते, ताईंच्या खात्यावरून.

"मला नाटकातलं काही कळत नाही. सुताराच्या मुलीचं काम तिचं होतं ना? तिची प्रत आहे माझ्याकडे. वाचतो."

ते सपाट आवाजात वाचत गेले. ताईंनी स्वतःसाठी कडेला पेन्सिलीने लिहिलेलंही ते संवाद समजून वाचत होते. "बाबा, माझ्याकडे बघा. इथे थांब. घाई नको. त्याला वेळ दे."

कोणी दुरुस्त केलं नाही. निखिलने तोंड ओंजळीत लपवलं. पुढचं वाक्य माझं होतं. मला लागला तेवढा वेळ मी घेतला, आणि मग बोललो.