रोजचाच पोळा

कुरुळीची आमची जमीन कंपनीत गेली तेव्हा औत गेलं, गाडी गेली. बैल मात्र एक राहिला. आमच्या ह्यांनी तो विकूच दिला नाही. हे गेल्यावर मुलगा म्हणाला, "आई, मी शिफ्टला, तुझे गुडघे असे. याचं कोण करणार?" चाकणकडं त्याच्या ओळखीच्या एकानं कृषी पर्यटन काढलंय. शहरातली पोरं येतात, गुरं बघतात, हुरडा खातात. तिथं बैल दिला. चारापाणी आहे, डॉक्टर येतो. म्हटलं, सुखात राहील.

मग रहाटणीहून नात आली, तिला घेऊन बघायला गेले. बघते तर काय, कुंपणात आमचा बैल, शिंगं रंगवलेली, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग! आणि सण ना वार हो. पोरं त्याला टेकून फोटो काढत होती.

"आजी, हे बैलाचं झू आहे का?"

आमच्याकडं तो वर्षातून एकदा सजायचा. आदल्या दिवशी मी हळद-तुपानं त्याचे खांदे चोळायचे, तर मान खाली घालून डोळे मिटायचा. पोळ्याला पुरणपोळी, आणि त्या दिवशी मानेवर जू नाही म्हणजे नाही.

झूल उचलून पाहिली. खालचे केस झडलेले.

"काय ओ भाऊ, ह्याला रोजच पोळा व्हय?"

पर्यटनवाला हसला. "मावशी, साध्या बैलाचा फोटो कोण काढतंय?"

"मग ह्याला सुट्टी कवा?"

"सोमवारी बंद असतं की."

घरी न्यायचा म्हणून बाजूला जाऊन मुलाला फोन लावला. "आई, बांधायचा कुठं? पार्किंगमध्ये?" खरंच, गोठ्याच्या जागी आता भाडेकरूंच्या खोल्या. त्यात नात म्हणते, "आजी, आपल्याकडे पण बांधलेलाच होता ना?"

होता बाई. नाही कसं म्हणू? पण औत सुटलं की ओढ्याला मोकळा जायचा, मातीत बसायचा. कुणी बघत नसायचं.

तेवढंच मागितलं मी. झूल पोळ्यालाच घालायची, आणि पोरं नसतील तेव्हा मागच्या रानात सोडायचा. पर्यटनवाला कुरकुरला. म्हटलं, "न्हाईतर आत्ता टेम्पो बोलावते." जागा नाही हे त्याला कुठं ठाऊक! कबूल झाला.

आता मी सोमवारीच जाते. परवा बांधाकडेला बसून रवंथ करत होता. हाक मारली तर नुसता कान हलवला, उठला काही नाही. बरं वाटलं मला.