पासपोर्टात हसायचं नाही

आमचे आजी-आजोबा चर्चच्या मिशनवर केनियाला गेले, त्याला तीन वर्षं झाली होती. त्यांना भेटायला जायचं ठरलं आणि पासपोर्टच्या फोटोंसाठी पप्पांनी मम्मीला आणि मला सातपूरच्या एका स्टुडिओत नेलं. तिथल्या फोटोवाल्याचं नाव मला आजही माहीत नाही. आठवतो तो त्याच्या खिशातला कंगवा. प्रत्येकाचा भांग तो स्वतः पाडायचा, दोन बोटांनी हनुवटी उचलायचा आणि बजावायचा, "हसू नका." मला तर विमान नुसतं मनात आलं तरी हसू फुटत होतं. माझे तीन फोटो वाया गेले, तेव्हा कुठे चौथा जमला.

मग पप्पांकडून आजी-आजोबांचं ऐकल्यावर त्यानं आम्हा तिघांना एकत्र उभं केलं. "आता हसा. लय हसा. हा आजीला आधी धाडून द्या. तीन वर्षांत पोरी वळखू येत नाय."

नैरोबीच्या विमानतळावर मम्मी-पप्पांना बॅगांपाशी सोडून मी पुढे धावले. आजी तोच फोटो हातात धरून उभी होती. पण एवढ्या गर्दीला बावरून मी पासपोर्टातल्यासारखा चेहरा करून थांबले होते आणि तिची नजर माझ्यावरून सरळ पुढे गेली.

मला फोटोवाला आठवला. मी हसले, लय हसले.

"अगं बाई, ही तर आपलीच!" म्हणत आजी पळत सुटली.