आत्याचं तपकिरी मीठ

मीठ तपकिरी होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. आत्यालाही नव्हतं, आणि तिचा सगळा जन्म मिठागराच्या बांधावर गेलाय.

खाडीपलीकडे अणुभट्टी येणार अशी बोलवा उठली, तेव्हाची ही गोष्ट. विरोधाची पत्रकं मीच लिहायचे. प्रकल्पवाल्यांची गावात सभा ठरली होती आणि तिच्या आदल्या दुपारी आतेबहीण मुंबईहून आली. ती प्रयोगशाळेत धातूंवर काम करते. भट्टीतल्या किरणांचा मारा खाऊन पोलादाचं काय होतं, हे तपासायची तिची नोकरी. म्हणजे माझ्या लेखी शत्रूच्या छावणीतली. मी तसं तिला तोंडावर म्हणते, ती मला पुढारी म्हणते, आणि मग आम्ही एका ताटात जेवतो.

तिने पिशवीतून काळ्या कागदात गुंडाळलेली बाटली काढली आणि कागद सोडला. आत जाडं मीठ, रंग कोऱ्या चहाचा.

आत्याने विचारलं, हे कुठलं.

"तुझंच. गणपतीत नेलेलं. किरणांखाली ठेवलं होतं."

मी हादरलेच. पांढरंशुभ्र मीठ, त्यात काही मिसळलं नाही, त्याला कुणी बोट लावलं नाही, आणि त्याची ही दशा. असलं काहीतरी आमच्या खाडीच्या काठावर आणून बसवणार, आणि वर आम्हाला विकास म्हणून सांगणार. माझं डोकंच फिरलं. बाटलीचा फोटो काढला आणि ओटीवर बसूनच मथळा लिहिला: आज मीठ काळं, उद्या माणूस. खाली ओळ टाकली, आपल्याच गावच्या मिठागरातलं मीठ. छापखान्यात पाठवूनही दिला.

मग मोठ्या तोऱ्यात तो वाचून दाखवला. बहीण काही बोलायच्या आत आत्याच बोलली.

"कोनाच्या आगरातलं म्हनून लिवलंस?"

मी म्हटलं, नाव नाही घातलं. गावात मिठागर उरलंय एकच, हे ती मला सांगत बसली नाही. "उद्या पेणच्या बाजारात माझं मीठ घेनार कोन गो? तुझी सभा?"

 बहिणीने आत्याकडे एखादा टाकाऊ तवा मागितला. प्रयोगशाळेतली वस्तू रांधायच्या भांड्यात घालायची नाही, एवढं बजावून तिने चिमूटभर मीठ तापल्या तव्यावर टाकलं. ते तडतडलं आणि आमच्या डोळ्यांदेखत फिकं होत होत पांढरं पडलं. माझा पुरावा गेला. उन्हात ठेवलं तरी उतरतो म्हणे हा रंग, म्हणून तो काळा कागद. भर उन्हातल्या सभेत मी ही बाटली नाचवणार होते.

तिने समजावलं ते असं: मिठात अणू रांगेत बसलेले असतात. किरणांचा मारा बसला की काही जागचे उठतात, रिकाम्या जागेत इलेक्ट्रॉन अडकतो, तो उजेड गिळतो आणि आपल्याला रंग दिसतो. मिठात विष शिरलेलं नाही आणि ते स्वतः किरणही सोडत नाही. ताव दिला की विस्कटलेलं बरंचसं पुन्हा जागेवर येतं.

मी चिडून म्हटलं, म्हणजे तुमच्या पोलादालाही काही होत नाही, असंच ना?

तेव्हा ती गंभीर झाली. भट्टीच्या गाभ्याजवळच्या पोलादात, म्हणाली, भट्टी चालते तेवढ्या वर्षांत एकेक अणू जागचा उडतो. तोही एकदा नाही, अनेकदा.

"सगळे?"

"सगळे. बहुतेक लगेच कुठली तरी जागा धरतात. जे धरत नाहीत, त्यांच्यासाठी मला पगार मिळतो."

त्या रिकाम्या जागा गोळा होतात, पोलाद कडक होतं, आणि जिथे ते वाकायला हवं तिथे तुटायला लागतं. रंग मात्र बदलत नाही. बाहेरून बघून काही कळत नाही. म्हणून त्याच पोलादाचे तुकडे भट्टीत टांगून ठेवतात आणि ठरावीक काळाने काढून मोडून बघतात.

मिठाने हादरले होते त्याहून मी आता जास्त हादरले. भट्टीविरुद्ध इतकी पत्रकं लिहिली, त्यात घोषणा होत्या, कवट्या होत्या, आणि भट्टी ज्या पोलादाची असते त्याबद्दल एक ओळ नव्हती. छापखान्याला फोन करून मजकूर थांबवला. तो थांबल्याचं ऐकेपर्यंत आत्याने मला चहा दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सभेत बाटली पिशवीतच राहिली. कुणीतरी भट्टीच्या टिकाऊपणाचं विचारलं, तर प्रकल्पाचे साहेब हसून म्हणाले, पोलाद आहे ते, त्याला काय धाड भरलीय. मी उठले. म्हटलं, आत टांगलेले तुकडे तुम्ही काढून मोडाल, तेव्हा ते कसे मोडले हे आमच्या ग्रामसभेला सांगणार का?

साहेबांचं हसू गेलं. माईक बाजूला धरून त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

खोटं आहे, असं ते म्हणाले नाहीत. म्हणजे माणसाला सगळं ठाऊक होतं, आणि ठाऊक असून तो आम्हाला धाड भरत नाही म्हणून सांगत होता.  

"तिला काय विचारता," मागून आत्या म्हणाली. "तिनं विचारलंय त्याचं सांगा."

त्यांनी सांगितलं नाही. तोच प्रश्न आता आमच्या पत्रकाचा मथळा आहे. मिठाचं त्यात नाव नाही.